दोन अंगठ्यांच्या खुणा

दुरुस्तीला आलेला मोबाइल हातात घेतला की मी आधी तो बंद करतो आणि काच तिरपी करून ट्यूबच्या उजेडात धरतो. नव्या काचेवर बोटांचे डाग धरू न देणारा एक पातळ थर असतो. सतत घासून तो जातो आणि तेवढीच जागा धुरकट दिसायला लागते. म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर ही खूण हिरव्या बटणाच्या जागी असते. बाकी बहुतेकांच्या फोनवर मधोमध खाली, कारण तिथून अंगठा व्हिडिओ वर ढकलत असतो. आणि काही फोनांवर दोन खुणा असतात. फोन आडवा धरला की डावीकडे खाली पुरणपोळीएवढी गोल नाही, पण पेढ्याएवढी तरी. उजवीकडे एक लहान ठिपका. डाव्या अंगठ्यानं पळायचं, उजव्यानं गोळी झाडायची.

असा फोन आला की मी पोराला एवढंच विचारतो, "रात्री किती वाजेपर्यंत खेळतोस रं?" पोरगं आईकडं बघतं. आई माझ्याकडं बघते. तिला वाटतं या माणसाला काहीतरी मंत्र येतोय.

कोडोलीत माझं दुकान आहे. कोडोली म्हणजे पन्हाळा तालुक्यातलं मोठं गाव, वारणानगरच्या शेजारचं. गळीत हंगामात दारावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, सगळ्या काउंटरवर धुळीचा थर बसतो, आणि त्या धुळीत मी लोकांचे डिस्प्ले उघडून बसलेला असतो. दुरुस्तीच्या आधी या जागेत मी पोरांना तासावर टीव्ही गेम खेळायला द्यायचो. म्हणजे वीस-बावीस वर्षं मी गेम खेळणाऱ्या पोरांच्या पाठी, माना आणि अंगठे बघतोय. खेळणाऱ्याच्या मेंदूत काय चालतं हे मला उशिरा कळलं, आणि तेही घरात आग लागल्यावर.

माझं आणि कॉम्प्युटरचं नातं उसामुळं जुळलं. १९९८ साली वारणा परिसरातली सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडण्याचा सरकारी प्रकल्प आला. 'वायर्ड व्हिलेज' म्हणायचे त्याला. शेतकऱ्याला उसाचं वजन, बिल गावातच कळावं हा उद्देश. आमचे आबा वजन बघायला जायचे आणि मी माऊस बघायला. पडद्यावरचा बाण आपल्या हातानं हलतो, याचं त्या वयात जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मग २००३ च्या सुमारास दोन जुने रंगीत टीव्ही, दोन चायना मशीन आणि पिवळ्या कॅसेटींचा एक डबा एवढ्या भांडवलावर पार्लर सुरू केलं. तासाला पाच रुपये. मारिओ आणि कॉन्ट्रा. शाळा सुटली की दप्तरासकट पोरं यायची. त्या काळातही आया येऊन पोरांचा कान धरून घेऊन जायच्या, मला चार शब्द सुनवायच्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण आज मागं वळून बघताना एक गोष्ट लक्षात येते. त्या खेळाला शेवट होता. तीन जीव मिळायचे, ते संपले की संपलं. पाच रुपये संपले की मी उठवायचो. मागं उभा असलेला पोरगा "झालं की तुझं, ऊठ" म्हणून खांद्याला धरून हलवायचा. आणि यातलं काहीच झालं नाही तर महावितरण होतंच. भारनियमनाच्या दिवसांत ऐन शेवटच्या राक्षसाशी लढताना टीव्ही फट् करून बंद पडायचा, आणि सगळं पार्लर एका सुरात "आई गं" म्हणायचं. पोरं दोन मिनिटं हळहळायची आणि समोरच्या पटांगणात विटीदांडू नाहीतर क्रिकेट सुरू करायची.

आज माझ्याकडं येणाऱ्या फोनमधल्या खेळाला लाइट जात नाही.

आमचा थोरला २०२० च्या मार्चमध्ये सातवीत होता. शाळा बंद झाली, अभ्यास मोबाइलवर आला. दुरुस्तीवाल्याच्या घरात फोनला काय तोटा? एका गिऱ्हाइकानं न्यायचा सोडून दिलेला फोन मीच नवी बॅटरी टाकून त्याला दिला. पब्जी तेव्हा जोरात होतं. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात ते होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात पोरांची रांग लागली, "मामा, आधीचं टाकून द्या की." मी कुणालाच टाकून दिलं नाही, आणि थोरल्यानं ते मित्राकडनं घेतलं. पुढं २ जुलै २०२१ ला तोच खेळ भारतासाठी नव्या नावानं आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा बंद झाला, २०२३ च्या मे महिन्यात परत सुरू झाला. मध्ये फ्री फायरवर बंदी आली. बंद-चालूच्या या तारखा मला पाठ आहेत, कारण त्या प्रत्येक तारखेला आमच्या घरातलं वातावरण बदलायचं.

पोरगा रात्री दोनला झोपायचा. आम्हाला कळायचं नाही, कारण पांघरुणाखाली आणि कानात इअरफोन. सकाळच्या तासाला कॅमेरा बंद करून झोपलेला असायचा. जेवताना ताटाकडं बघायचा नाही. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर पांघरूण आतून निळं दिसत होतं. मी फोन ओढून घेतला. तो माझ्या अंगावर धावून आला. पहिल्यांदाच. आणि मी, ज्याचा धंदाच मोबाइल जोडण्याचा, तो फोन फरशीवर आपटला.

तीन दिवस पोरगं माझ्याशी बोललं नाही. बायको म्हणाली, "तुम्ही लोकांचे फोन नीट करताय, घरात बघा जरा." माझी समजूत झाली की गोळ्या झाडायच्या खेळानं पोरगं हिंस्र झालं. तीच समजूत माझ्या दुकानात येणाऱ्या दहांतल्या नऊ बापांची असते.

ही समजूत खोडून काढली ती कोल्हापुरात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी. त्या चार्जिंगची पिन बदलायला आल्या होत्या. काम चालू असताना मी आमची कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही फोन कधी ओढलात? खेळ संपल्यावर की मधे?" मी म्हटलं, मधे. "मग तुम्ही ऐन रंगात आलेल्या कुस्तीत मैदानात घुसून पैलवानाचा पाय ओढलात. तो चिडणार नाही तर काय करणार?" कोल्हापुरी माणसाला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

पुढं त्या मला अधूनमधून संशोधनाची माहिती सांगत राहिल्या. मी बारावी नापास माणूस. पण आयसी आणि कॅपॅसिटर वाचता येतो त्याला मेंदूचं सर्किटही समजून घ्यावंसं वाटतंच.

हिंसेचं आधी सांगतो, कारण सगळे तेच आधी विचारतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १००४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं कोणते खेळ खेळतात ते मुलांना विचारलं, ती घरात कशी वागतात ते पालकांना विचारलं. मारामारीचे खेळ खेळणारी मुलं जास्त आक्रमक निघाली नाहीत. जर्मनीत मोठ्या माणसांना दोन महिने रोज एक हिंसक खेळ खेळायला लावून आधी आणि नंतर तपासलं, तिथंही स्वभावात फरक दिसला नाही. याचा अर्थ पाच वर्षांच्या पोराला रक्ताचे सडे दाखवावेत असा नाही. पण पोरगं चिडतं ते बंदुकीमुळं कमी आणि थांबवल्यामुळं जास्त.

मग थांबवता का येत नाही? इथं डोपामीन नावाचं रसायन येतं. हे नाव आता व्हॉट्सअॅपवरही फिरतं, आणि तिथं ते विषासारखं फिरतं. १९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा एक साधा गेम खेळायला दिला. एकेक पातळी पार केली की सात पौंड मिळणार होते. खेळताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर स्ट्रायटम नावाच्या खोलातल्या भागात डोपामीन सुटताना दिसलं, आणि जो चांगला खेळला त्याच्यात जास्त. लोकांनी यातून एकदम 'गेम म्हणजे ड्रग' असं करून टाकलं. डोपामीन भूक लागल्यावर भाकरी दिसली तरी सुटतं. कुस्ती जिंकल्यावर सुटतं. आमच्या वारणेच्या बालवाद्यवृंदातल्या पोराला एखादा अवघड तुकडा पहिल्यांदा जमला की त्याच्याही मेंदूत तेच होत असणार. ते मेंदूला सांगतं, 'हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर.' एवढंच त्याचं काम.

गंमत पुढं आहे. वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळानं फळाचा रस. सुरुवातीला रस मिळाला की डोपामीनच्या पेशी चेकाळायच्या. माकड शिकलं, की त्या पेशी रसाला गप्प आणि दिव्यालाच चेकाळायला लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही तर त्या नेहमीपेक्षा खाली पडायच्या. म्हणजे हे रसायन चवीपेक्षा अंदाजाचं आहे. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं की वर, कमी मिळालं की खाली. आणि म्हणून जिथं मिळेल की नाही याची खात्री नसते तिथं माणूस चिकटतो. मटका महाराष्ट्रात इतकी वर्षं कशावर चालला? आकडा रोज लागला असता तर कुणी लावला नसता, आणि कधीच लागला नसता तरीही नाही. आजच्या मोबाइल गेममधली पेटी, ज्यात बंदुकीचा रंग निघेल नाहीतर काहीच नाही, ती त्याच घराण्यातली. पार्लरमधल्या मारिओत नाणं कुठल्या विटेत आहे हे पोरांना पाठ असायचं. या पेटीत काय आहे हे कधीच पाठ होत नाही.

दुसरा भाग ब्रेकचा. कपाळाच्या मागं मेंदूचा जो भाग असतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो 'आता बास' म्हणायचं काम करतो. हा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो, विशी ओलांडून पंचविशीच्या आसपास. हवंसं वाटण्याचं इंजिन मात्र तेरा-चौदाव्या वर्षीच पूर्ण ताकदीनं सुरू होतं. आमच्याकडं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून उताराला लागतो तेव्हा रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला होतात. ट्रॅक्टर वाईट म्हणून नव्हे. मागचं वजन आणि पुढचा ब्रेक यांचा मेळ नसतो म्हणून. तेरा वर्षांचं पोरगं ही अशी गाडी आहे, आणि आपण उतारावर उभं राहून तिला ओरडतो, 'कळत नाही काय तुला?'

माझ्या पार्लरमध्ये ब्रेक बाहेर होता. तीन जीव, पाच रुपये, मागचा पोरगा आणि गेलेली लाइट. आताच्या खेळात एक डाव पंचवीस-तीस मिनिटांत संपतो, पण संपल्या क्षणी पुढच्याचं बटण समोर येतं. रोज हजेरी लावली तर बक्षीस, आज नाही लावली तर मालिका तुटली. बाहेरचे ब्रेक एकेक करून काढून टाकले, आणि २०१६ नंतर नेटही जवळजवळ फुकट झालं. माझ्या मते मेंदूवर होणाऱ्या परिणामाची निम्मी गोष्ट इथंच आहे. पोरांचा मेंदू वीस वर्षांपूर्वी होता तोच आहे, खेळाची शेवटची घंटा तेवढी काढून घेतलेली आहे.

हे मी पोरांबद्दल मोठ्या तोंडानं सांगतोय, पण माझंही सांगायला हवं. दुरुस्त झालेला फोन चालतो का हे बघायला मी त्यावर रंगीत ठोकळे जुळवायचा एक खेळ टाकून बघायचो. 'चेकिंग' म्हणायचो. टचला कुठं मृत जागा आहे का हे त्यात चांगलं कळतं, हे खरं आहे. पण एका हिवाळ्यात चेकिंग रात्री साडेबारापर्यंत चालायला लागलं. डोळे मिटले की ठोकळे पडताना दिसायचे. मॅडम हसल्या. म्हणाल्या, यावर २००० सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्डनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागता लागता काय दिसतं ते विचारलं. अनेकांना पडणारे ठोकळे दिसले. त्यांत काही रुग्ण असे होते की मेंदूच्या दुखापतीमुळं त्यांना नवीन काही आठवतच नव्हतं. आपण गेम खेळलो होतो हेही त्यांना आठवत नव्हतं, आणि तरी त्यांतल्या काहींना ठोकळे दिसले. झोपेत मेंदू दिवसभराचं सामान लावून ठेवत असतो. रात्री बारापर्यंत जे खेळलो तेच सामान वर असतं. थोरल्याचं गणित कुठं गेलं, हे मला त्या दिवशी कळलं. ते गेमनं पुसलं नव्हतं. लावून ठेवायला रात्रच उरली नव्हती. माझ्या दुकानातल्या अनुभवावरून सांगतो, गेम खेळणाऱ्या पोरांच्या तक्रारींत मला सगळ्यात खरी वाटते ती हीच. बाकीच्यांवर वाद घाला, अपुऱ्या झोपेवर घालू नका.

आता दुसरी बाजू, कारण तीही मी माझ्या काउंटरवर बघितलीय. माझ्याकडं शिकायला आलेल्या पोरांत मायक्रोस्कोपखाली सगळ्यात स्थिर हात ज्याचा होता तो गावातला नावाजलेला पब्जीवाला होता. केसाएवढी जंपर वायर एका झटक्यात लावायचा. हा योगायोग असेलही. पण रोचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन नावाचा विद्यार्थी नजरेच्या चाचण्या तयार करत होता. स्वतःवर करून बघितल्या तर त्याचे गुण भलतेच जास्त. चाचणी चुकली म्हणून मित्रांवर केली, तर त्यांचेही जास्त. सगळे गेम खेळणारे. मग त्यानं आणि त्याच्या गुरू डाफ्ने बावेलियर यांनी गेम न खेळणाऱ्यांना दहा दिवस रोज तासभर युद्धाचा गेम खेळायला लावला, आणि दुसऱ्या गटाला टेट्रिस. युद्धाचा गेम खेळलेल्यांचं एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवणं सुधारलं. २००७ साली अमेरिकेत ३३ सर्जनांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायच्या सरावात परीक्षा घेतली. ज्यांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळले होते त्यांच्या चुका ३७ टक्क्यांनी कमी आणि वेग २७ टक्क्यांनी जास्त. बर्लिनमध्ये दोन महिने रोज निदान अर्धा तास मारिओ खेळलेल्या मोठ्या माणसांच्या मेंदूत रस्ते लक्षात ठेवणारा हिप्पोकॅम्पस वाढलेला दिसला. माँट्रियलमध्ये उलटही दिसलं: गोळीबाराचे खेळ ९० तास खेळल्यावर, जे खुणा बघून रस्ता न शोधता नुसत्या सवयीनं वळणं घेत होते त्यांचा हाच भाग थोडा कमी झाला. म्हणजे 'गेम' हा एक शब्द फसवा आहे. 'जेवण चांगलं की वाईट' असं विचारल्यासारखं ते आहे.

आणि एक गोष्ट पालकांना सांगायलाच हवी. 'गेमनं पोरगं हुशार होतं' असं सांगून अॅप विकणारे आता बरेच आहेत. खेळातून जे शिकलं जातं ते बहुतेक त्या खेळापुरतंच राहतं. माझ्या त्या स्थिर हाताच्या पोराला बिल लिहायला दिलं की बेरीज चुकायची.

भीतीचीही एक बाजारपेठ आहे. २०१७ साली 'ब्लू व्हेल'ची लाट आली तेव्हा दिवसाला दोन-तीन आया फोन घेऊन यायच्या, "ह्यात तो मासा हाय का बघा." मी बघायचो. मासा कधी सापडला नाही. २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. त्या वर्षी ज्या पोरांना खरी मदत हवी होती, त्यांच्याकडं बघायचं सोडून आपण मासा शोधत होतो.

खरा आजार कोणता, याची व्याख्या आता झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत घेतलं, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे सगळं साधारण वर्षभर चाललं आणि त्यात घर, शाळा, काम यांचं गंभीर नुकसान झालं, तर तो आजार. सुट्टीत चार दिवस पोरगं फोन सोडत नाही म्हणजे आजार नव्हे. या व्याख्येत बसणारी पोरं खेळणाऱ्यांतली थोडीच असतात. पण ती असतात, आणि त्यांना ओरडून उपयोग होत नाही. बंगळूरच्या निमहान्सनं २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालवलंय. बऱ्याचदा खाली दुसरंच काहीतरी निघतं. उदासी, शाळेतला त्रास, घरातली भांडणं. खेळ ही लपायची जागा असते.

मोठ्या माणसांचं तर कुणी बोलतच नाही. माझ्याकडं आलेले सगळ्यात वाईट फोन पोरांचे नव्हते. एक ट्रकवाला रमीत हंगामाची उचल घालवून बसला होता आणि फोन विकायला आला होता. बायकोचा नंबर तेवढा काढून द्या म्हणाला. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. मला तो पटला. त्या महिन्यात दुकानातल्या टीव्हीवर क्रिकेटच्या मधे येणाऱ्या जाहिराती बदलल्या तेव्हा मी मनातल्या मनात त्या ट्रकवाल्याला आठवलं.

कायद्यानं घरातला गेम थांबत नाही, हेही आहे. चीननं २०२१ मध्ये अठराच्या आतल्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. दक्षिण कोरियानं मध्यरात्रीनंतर सोळाच्या आतल्यांना बंदी घातली होती, दहा वर्षांनी ती उठवली. त्यापेक्षा मला आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव जवळचं वाटतं. कडेगाव तालुक्यातलं गाव. कोरोनानंतर पोरांचं अभ्यासात मन लागेना, म्हणून सरपंच विजय मोहिते आणि गावानं २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजणार, दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या. पहिल्यांदा लोक हसले. पुढं बाहेरून पत्रकारही बघायला आले.

साखर कारखान्याच्या भोंग्यावर पाळ्या बदलताना बघत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला यातली ताकद लगेच कळते. भोंगा पोराच्या मेंदूशी भांडत नाही. तो सगळ्यांसाठी एकदम वाजतो, मित्रही त्याच वेळी ऑनलाइन नसतो, आणि मुख्य म्हणजे बापाचाही फोन बंद होतो. माझ्या पार्लरची गेलेली लाइटच ती, फक्त गावानं मिळून घालवलेली.

घरी आम्ही त्याच्या छोट्या आवृत्तीवर आलो. ठरवलं की वेळेवर भांडायचं नाही, डावावर बोलायचं. 'अर्धा तास' म्हटलं की डावाच्या मधेच वेळ संपते आणि भांडण होतं. 'दोन डाव' म्हटलं की दोनच. रात्री दहाला तिघांचे फोन, माझाही, स्वयंपाकघरात फ्रीजवर चार्जिंगला. पहिल्या आठवड्यात मीच दोनदा पकडला गेलो. थोरला दहावीला फार काही चमकला नाही, ५८ टक्के. आता डिप्लोमाला आहे, सुट्टीत दुकानात बसतो, आणि अजून खेळतो. परवा मला शिकवायला बसला. मी पॅराशूटमधून उतरून अर्ध्या मिनिटात मेलो. त्यानं जे हसून घेतलं, ते त्या रात्रीनंतर पहिलंच असेल.

व्याख्येतल्या तीन खुणा घरात वर्षभर दिसत असतील, किंवा पोरगं खात नसेल, झोपत नसेल, जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल तर माझ्याकडं येऊ नका, १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर मी काउंटरच्या काचेखाली चिकटवून ठेवलाय.

बाकी, "तेवढा गेम काढून टाका आणि परत पडणार नाही असं काहीतरी करा" म्हणून रोज एखादी आई येतेच. काढून देतो मी, पैसे घेत नाही. फक्त आधी विचारतो, वहिनी, रात्री दहानंतर तुमचा फोन कुठं असतो?